चावीचा धर्म

चावी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम कुलूप येते. गाभाऱ्याची चावी, तिजोरीची चावी, माजघरातल्या फडताळाची चावी. ती ज्याच्या कनवटीला असेल त्याच्याकडे घराची सत्ता आहे असे समजण्याचा प्रघात आहे. यंत्रशाळेत मात्र या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे. तेथील चावी कोणतेही दार उघडीत नाही की लावीत नाही. ती पोलादाची एक लहानशी चौकोनी पट्टी असते, आणि एकदा जागेवर बसली म्हणजे यंत्र मोडेपर्यंत तिचे दर्शन सहसा कोणास होत नाही.

तिचे काम थोडक्यात सांगतो. विजेच्या मोटरीतून जो फिरणारा दांडा बाहेर येतो त्याला शाफ्ट म्हणतात. त्यावर पुली, दात्यांचे चाक किंवा पंखा बसवावयाचा असतो. त्या चाकाचा मधला जाड, भोक असलेला भाग म्हणजे हब. आपले गाडीवान बैलगाडीच्या चाकातील याच भागाला तुंबा म्हणतात. शाफ्ट गुळगुळीत, हबचे भोकही गुळगुळीत. तेव्हा नुसते एकात एक बसविले तर दांडा आतल्या आत फिरत राहील आणि चाक जागच्या जागी उभे राहील. म्हणून शाफ्टच्या पाठीवर लांबीच्या दिशेने एक खाच पाडतात, हबच्या भोकातही तशीच खाच पाडतात, दोन्ही खाचा समोरासमोर आणतात आणि मधल्या पोकळीत ही पट्टी बसवितात. चावीचा एक भाग शाफ्टात, दुसरा हबात. मोटरीचे बळ या पट्टीच्या दोन कुशींतून चाकाकडे जाते.

या चावीविषयी कारागिरांत एक जुना शिरस्ता आहे. चावीचे पोलाद शाफ्टहून कठीण असू नये; झालेच तर थोडे मऊ असावे. भार अनावर होऊन काहीतरी तुटणे अटळच झाले, तर सर्वांआधी चावी तुटावी. शाफ्ट तुटला तर मोटर गेली, हब फुटला तर चाक गेले. चावी तुटली तर थोड्या पैशांत व थोड्या वेळात दुसरी करता येते. हिशेब बिनतोड आहे. आमच्या मनात गेली दोन वर्षे घोळत असलेला प्रश्न या हिशेबातूनच निघाला आहे. यंत्रात जे शहाणपण ठरते ते माणसांच्या व्यवहारात न्याय ठरते काय? संस्था वाचावी म्हणून तिच्यातील एखाद्या लहान माणसाने तुटावे, अशी योजना करून ठेवणे धर्माला धरून आहे काय?

हा प्रश्न आम्हाला ग्रंथ वाचताना सुचलेला नाही. अंत्रुज महालातील आमच्या कुलदेवतेच्या देवळात काही वर्षांपासून विजेवर चालणारा नगारा आहे. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर, तिच्यावर पुली, पुलीवर पट्टा, आणि पुढे नगाऱ्याच्या काठ्या व घंटांचे लोलक उचलून सोडणारी यंत्रणा. अशी यंत्रे आता गावोगावच्या देवळांत आली आहेत. ती असावीत की नसावीत हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. तो आम्ही येथे काढीत नाही. दोन वर्षांपूर्वी जत्रेच्या पहिल्याच रात्री, सभामंडप माणसांनी भरून गेलेला असताना, आरतीच्या ऐन मध्यावर नगारा मुका झाला. मोटर फिरत होती, तिचा घूं असा आवाज येत होता. परंतु पुली हलत नव्हती. ती आरती टाळ्यांच्या आणि हातातल्या घंटेच्या आधारावर पार पडली.

दुसऱ्या दिवशी पुली काढली तेव्हा चावीच्या जागी लोखंडी खिळ्याचा कानशीने घासलेला तुकडा निघाला, आणि तोही मधोमध कापला गेलेला. तो तेथे घातला होता यंत्र चालविणाऱ्या तरुण सेवेकऱ्याने. अपराध उघड होता, अपराधीही समोर होता. जत्रेत झालेल्या शोभेमुळे सर्वांची मने तापलेली होती. समितीने त्यास कामावरून दूर करण्याचे ठरविले, आणि आम्ही वकिली करीत असल्यामुळे व त्या देवस्थानचे महाजन असल्यामुळे नोटिशीचा मसुदा करण्याचे काम आमच्याकडे आले. गोव्यातील देवस्थाने पोर्तुगीज अमदानीत १९३३ साली झालेल्या नियमावलीनुसार महाजनांच्या संस्था म्हणून चालत आली आहेत. तेव्हा समितीने केलेला न्याय किंवा अन्याय हा आम्हा सर्व महाजनांचाच असतो.

ज्याच्याविरुद्ध लिहावयाचे त्याचे म्हणणे आधी ऐकावे, एवढी सवय आमच्या व्यवसायाने आम्हाला लावली आहे. आम्ही त्या तरुणास बोलावून घेतले. तो अग्रशाळेच्या पायरीवर खाली मान घालून बसला आणि फार वेळाने म्हणाला, “बाब, हांवें तांकां सांगिल्लें. पूण कागदार ना.” पुली सैल झाली आहे, आतून खडखड ऐकू येते, हे त्याने जत्रेच्या दोन महिने आधी सांगितले होते. जत्रा पार पडू दे, मग पाहू, असे त्यास उत्तर मिळाले होते. पुढे चावी इतकी झिजली की ती खाचेतून निसटू लागली. तेव्हा त्याने हाताला लागला तो खिळा घासून तेथे ठोकला. मूळची चावी त्याने टाकून दिली नव्हती. उदबत्तीच्या एका रिकाम्या डबीत ती त्याने जपून ठेवली होती. ती डबी त्याने आमच्या हाती दिली.

“कागदार ना” या दोन शब्दांवर आम्ही न्यायालयात अनेक दावे जिंकले आहेत. ते शब्द त्या दिवशी प्रथमच आम्हाला दुसऱ्या बाजूने ऐकू आले.

आम्ही मोटर, पुली आणि ती डबी गाडीत घालून बेळगावास आणली. बेळगावचा आणि यंत्रांचा संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते याच शहरात, आणि १९१० साली किर्लोस्करवाडीस जाईपर्यंत त्यांची कर्मभूमी हीच होती. आज उद्यमबागेत ओतकामाचे व लेथकामाचे कारखाने रांगेने उभे आहेत. आणि त्यांच्याखेरीज कित्येक घरांच्या मागच्या पडवीत एखादा लेथ, एक ड्रिल मशीन आणि कानशींनी भरलेली फळी असते. तांत्रिक शाळेतून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही आहेत. सारेजण त्यांना मास्तर म्हणतात. त्यांची अशीच एक पडवी आहे. तीन संध्याकाळी आम्ही तेथे बसून होतो, आणि वकिलीच्या अनेक वर्षांत पुराव्याची छाननी म्हणून जे शिकलो नव्हतो ते तेथे शिकलो.

मास्तरांनी प्रथम काहीच दुरुस्त केले नाही. त्यांनी शाफ्ट पुसला, भिंग घेतले आणि खाच पाहत बसले. “वकीलसाहेब, खिळ्याकडे मागाहून पाहू,” ते म्हणाले, “आधी या भिंतीकडे पाहा.” शाफ्ट १४ मिलीमीटर जाडीचा होता. त्या मापाला ५ मिलीमीटर रुंद व ५ मिलीमीटर उंच अशी चावी लागते. शाफ्टातील खाच ३ मिलीमीटर खोल आणि हबातील २.३ मिलीमीटर. दोहोंची बेरीज चावीच्या उंचीहून किंचित् अधिक येते. कारण अशा चावीने बाजूंना घट्ट बसावयाचे असते, माथ्यावर नव्हे. पुलीच्या हबातील खाच मोजली तर ती जवळजवळ ६ मिलीमीटर रुंद भरली, आणि तीही तिरपी. म्हणजे पुली बसविली त्याच दिवशी चावीला एका बाजूस जवळजवळ १ मिलीमीटर मोकळी जागा मिळाली होती. ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट हबच्या तोंडावर होती. तेथे हातोड्याचे घाव स्पष्ट दिसत होते. मोटरीच्या शाफ्टवर हब हातोड्याने ठोकून बसविला तर घाव तेथेच थांबत नाही. तो शाफ्टमधून मागे जाऊन बेअरिंगच्या गोळ्यांवर बसतो, आणि गोळ्यांच्या वाटेवर सूक्ष्म खळगे पडतात. तत्काळ काही कळत नाही; काही महिन्यांनी बेअरिंग गुरगुरू लागते. मास्तरांनी शाफ्ट बोटाने हळूच फिरविला आणि आमचा हात मोटरीच्या अंगावर ठेवला. गुरगुर हाताला लागत होती.

तिसरी गोष्ट सर्वांत बोलकी होती. शाफ्टातील खाचेची एकच भिंत चेपून चकचकीत झाली होती आणि तिची कड वर उचलली गेली होती. अर्ध्या अश्वशक्तीची, मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेणारी मोटर पूर्ण भारावर असताना एवढ्या जाडीच्या शाफ्टच्या कडेवर सुमारे ३६ किलो वजनाइतका रेटा देते. सुरू होताना त्याच्या दुपटीहूनही अधिक. नगाऱ्याच्या यंत्रात हा रेटा एकसारखा नसतो. काठी उचलताना भार येतो, सुटताना जातो. चावी घट्ट असेल तर हा चढउतार ती निमूटपणे सोसते. ती सैल असेल तर प्रत्येक चढउतारास हातोडीसारखी भिंतीवर आपटते. “खिळा शाफ्टहून मऊ आहे,” मास्तर म्हणाले, “थोड्या दिवसांत तो या भिंतीला एवढे चेपू शकत नाही. हे काम मूळच्या चावीचे, आणि ते वर्षभर तरी चालले असावे.” डबीतील चावी त्यांनी उजेडात धरली. तिचे चारही कोपरे गोल झाले होते.

आम्ही ज्यास अपराध समजत होतो तो अपराधांच्या मालिकेतील शेवटचा, आणि बहुधा सर्वांत लहान होता. खिळा घातला नसता तर नगारा जत्रेपूर्वीच बंद पडला असता, एवढाच फरक. तरीही नोटीस लिहिली जाणार होती ती खिळा घालणाऱ्याच्या नावाने. कारण जे तुटले ते त्याच्या हातचे होते.

मास्तरांनी नवा हब बिडाच्या तुकड्यातून कातला. आतील खाच पाडण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. मोठ्या कारखान्यात हे काम ब्रोच नावाचे दातेरी हत्यार एका दमात करते. घरच्या लेथवर ते धीराने करावे लागते. हब चकात धरून त्यांनी लेथचा फिरणारा भाग पक्का अडकवून टाकला, म्हणजे काम फिरणार नाही. मग खाचेच्या रुंदीचे हत्यार आडवे, बरोबर मध्याच्या उंचीवर बांधले, आणि हातचाकाने ते भोकातून पुढे-मागे ढकलू लागले. प्रत्येक खेपेस अर्धा दशांश मिलीमीटर एवढाच पापुद्रा निघतो. २.३ मिलीमीटर खोलीला किमान ४६ खेपा. आणि हत्यार वाकून परत उसळी घेते म्हणून तीच खेप पुन्हा, काही न कापता द्यावी लागते. “ही रिकामी खेप जो वाचवितो त्याची खाच तिरपी जाते,” ते सहज म्हणाले. शाफ्टातील बिघडलेली खाच त्यांनी छिन्नीने व बारीक कानशीने सरळ करून ६ मिलीमीटरवर आणली, तळाचे कोपरे अगदी धारदार राहू दिले नाहीत. कारण धारदार कोपऱ्यातूनच शाफ्टला पुढे चीर जाते. मग ६ रुंद व ५ उंच अशी चावी घासली. निळा रंग लावून ती खाचेत घालावी, काढावी, जेथे रंग पुसला तेथे कानस फिरवावी, पुन्हा घालावी. असे किती वेळा झाले ते आम्ही मोजले नाही. शेवटी ती अंगठ्याच्या दाबाने जाईल आणि बोटांनी निघणार नाही अशी बसली.

हब बसविताना त्यांनी हातोडा घेतला नाही. तेलात हब सुमारे १०० अंशांनी तापविला. एवढ्याने १४ मिलीमीटरचे भोक दीड शतांश मिलीमीटरच्या आसपास फुगते. ते डोळ्यांना दिसत नाही, परंतु शाफ्टला पुरते. हब आपल्या भाराने सरकत जाऊन बसला.

त्याच संध्याकाळी मास्तरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्ही विसरू शकलो नाही. वेगाने फिरणाऱ्या वस्तूचा तोल साधताना असा प्रश्न येतो की चावीचे वजन कोणाच्या हिशेबात धरावे, मोटर करणाऱ्याच्या की चाक करणाऱ्याच्या? जगभरच्या कारखानदारांत आता संकेत असा आहे की मोटर करणाऱ्याने अर्धी चावी बसवून आपल्या शाफ्टचा तोल साधावा, आणि चाक करणाऱ्याने उरलेली अर्धी धरून आपला. तशा शाफ्टच्या टोकावर एच हे रोमन अक्षर ठोकलेले असते. चावी दोघांना जोडते, म्हणून तिचा भार दोघांनी निम्मा निम्मा आपल्या खाती घ्यावयाचा. दोघांपैकी एकाने तो विसरला तर यंत्र थरथरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आमच्या परंपरेत चाकाच्या नाभीला मोठा मान आहे. नाभीत रोविलेल्या आरांचा दृष्टान्त उपनिषदांत एकाहून अधिक ठिकाणी आला आहे. खिळीला मात्र तत्त्वज्ञानात तसे स्थान मिळालेले नाही. तिला स्थान मिळाले ते कथेत. देवासुरांच्या युद्धात दशरथाच्या रथाची खीळ निसटली तेव्हा कैकेयीने तेथे आपला हात घातला आणि रथ सावरून धरला, ही कथा आपण कीर्तनांतून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात हात घातल्याचा उल्लेख नाही. तेथे मूर्च्छित दशरथाला तिने रणातून दूर नेऊन वाचविले एवढेच आहे. परंतु लोकांनी या प्रसंगाला खिळीचे रूप दिले यात मर्म आहे. कैकेयीने हात घातला तो आपण होऊन. तिला कोणी तेथे बसविले नव्हते. आणि राजाने ते ऋण जाणले, दोन वर दिले. पुढे त्या वरांचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. तथापि ऋण मानण्यात दशरथाची चूक झाली असे कोणी म्हटलेले नाही.

आमच्या समितीतील एका वृद्ध व आदरणीय सभासदांनी आम्हाला सांगितले की देवाच्या दारी सेवेकऱ्याने दोष आपल्या माथी घेतला तर ती सेवाच होय. संस्थेचे नाव राखण्यासाठी कोणी ना कोणी झिजावेच लागते. हे म्हणणे टाकाऊ नाही. समाज झिजणाऱ्या माणसांवरच उभा असतो. परंतु त्याग हे क्रियापद प्रथमपुरुषीच चालते. ‘मी झिजतो’ हा धर्म आहे; ‘तू झीज’ ही आज्ञा आहे, आणि आज्ञा देणाऱ्याने तिला धर्माचे नाव दिल्याने ती धर्म होत नाही.

येथे कोणी म्हणेल की व्यवहारात स्वखुशी न पाहताही एकाला दुसऱ्यासाठी बांधून घ्यावेच लागते. ते खरे आहे असे धरून चालू. कायद्याने अशा माणसाचा विचार फार पूर्वी केला आहे. त्याला जामीन म्हणतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ऋणको डगमगला की धनको थेट जामिनाकडे येऊ शकतो. ही तर चावीचीच अवस्था झाली. परंतु कायदा तेथे थांबत नाही. १४० वे कलम सांगते की जामिनाने पैसे भरले म्हणजे धनकोचे ऋणकोवरील सारे हक्क त्याच्याकडे येतात. आणि १४५ वे कलम सांगते की त्याने रास्तपणे भरलेली रक्कम ऋणकोने त्यास भरून द्यावी, असे वचन प्रत्येक जामिनकीत गृहीतच धरलेले असते. शिवाय जामीन होताना त्या माणसाला आपण कशास सही करतो हे ठाऊक असते. ज्याला चावीच्या जागी उभे केले त्याला उघड माहिती द्यावी, आणि तो तुटला तर त्याची भरपाई करावी, ही दोन्ही तत्त्वे कोरड्या कायद्यालासुद्धा कळली आहेत. आमच्या सेवेकऱ्याने कोणत्याही कागदावर सही केली नव्हती आणि त्याची भरपाई कोणीही करणार नव्हते.

यंत्रशाळेचा शिरस्ता नीट वाचला तर तोही आमच्या समितीच्या बाजूचा नाही. चावी आधी तुटावी असे म्हणणारा कारागीर तीन गोष्टी गृहीत धरतो. पहिली, तुटण्याजोगी वस्तू अशी निवडावी की तिच्या जागी तशीच दुसरी आणता येते. पोलादाच्या पट्टीविषयी हे खरे आहे. पंचविशीतील माणसाविषयी, ज्याच्या घरी म्हातारी आई आहे आणि गावात ज्याला पुन्हा तोंड दाखवावयाचे आहे, हे खरे नाही. दुसरी, चावी तुटावी ती भार अनावर झाला तर. खाच वाकडी पाडली म्हणून नव्हे. आपल्या हलगर्जीपणाला अनावर भार म्हणण्याची मुभा कोणताही चांगला कारागीर स्वतःला देत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की तुटलेली चावी फेकून देण्यापूर्वी तो ती वाचतो. कोठे कापली गेली, कोणती कूस चेपली, कोपरे का झिजले, हे पाहिल्यावाचून तो नवी चावी घालीत नाही. कारण तसे केले तर नवीही तशीच तुटेल, हे त्याला पक्के ठाऊक असते. माणूस काढून टाकून फाईल बंद करणारी संस्था हेच विसरते. तिने साक्षीदारालाच हद्दपार केलेले असते.

एवढे सर्व आम्ही समितीपुढे मांडावयाचे ठरवून गोव्यास गेलो. वाटेत चोर्ल्याच्या घाटात आम्हाला एक गोष्ट आठवली, आणि आमच्या भाषणाचा बराचसा आवेश तेथेच उतरला. त्या वर्षाच्या सर्वसाधारण सभेत यंत्रांच्या दुरुस्तीसाठी काही रक्कम राखून ठेवावी अशी सूचना चिटणिसांनी केली होती. त्याच सभेत पालखीच्या दांड्याला चांदीचा पत्रा चढविण्याचा ठराव आला. दोन्ही गोष्टींना पैसा पुरणारा नव्हता. दुरुस्ती पुढल्या वर्षी पाहू, असे ठरले. त्या ठरावाला अनुमोदन देणारे आम्हीच होतो. चांदीचा दांडा सर्वांना दिसतो. पुलीतील खाच कोणास दिसते? ‘जत्रा पार पडू दे, मग पाहू’ असे चिटणीस सेवेकऱ्यास म्हणाले, कारण त्यांच्या हाती पैसा नव्हता. आणि पैसा नव्हता, कारण आम्ही हात वर केला होता. चिटणीस आमच्यासारखेच सरळ गृहस्थ आहेत. या साऱ्या प्रकरणात दुष्ट असा कोणीच नव्हता. प्रत्येकाने आपली रिकामी खेप तेवढी वाचविली होती.

आम्ही बैठकीत नोटीस वाचली नाही. झिजलेली चावी, कापलेला खिळा आणि जुनी पुली टेबलावर ठेवली, मास्तरांनी जे दाखविले ते त्याच क्रमाने दाखविले, आणि शेवटी सभेच्या कार्यवृत्ताची वही उघडून आमच्या अनुमोदनाची ओळ वाचून दाखविली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग चिटणिसांनीच सांगितले की त्या मुलाने आपणास दोन महिने आधी सांगितले होते हे खरे आहे. हे कबूल करण्याची त्यांच्यावर कोणतीही सक्ती नव्हती, कागद नव्हताच. आमच्या मते त्या बैठकीतील धैर्याचे कृत्य तेवढे एकच होते, आणि ते आमचे नव्हते.

सेवेकऱ्याकडेही दोष उरतो, हे आम्ही नाकारीत नाही. खिळा घातला हे त्याने सांगावयास हवे होते. मशीन चालू राहिले याचा त्यास आनंद झाला आणि तो गप्प राहिला. त्याच्या वाट्याचे त्याला सुनावण्यात आले व ते त्याने मान्य केले. अर्ध्या चावीचा संकेत तोही मोडू शकत नाही. परंतु अर्धी म्हणजे अर्धी. आमची अर्धी त्याच्या खाती टाकण्याचा अधिकार आम्हाला नाही.

समितीने नोटिशीचा ठराव मागे घेतला, दुरुस्तीसाठी रक्कम मंजूर केली, आणि कचेरीत तक्रारींची एक वही ठेवण्याचे ठरविले. चांदीचा पत्रा एक वर्ष पुढे गेला. यामुळे काही भाविक नाराज झाले, आणि त्यांतील एक-दोघे अद्यापि आमच्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत. त्यांच्या भक्तीविषयी आमच्या मनात शंका नाही. देवाच्या दारी जे दिसते ते सुंदर असावे ही इच्छा रास्तच आहे. जे दिसत नाही तेही सरळ असावे, एवढीच आमची तीत भर आहे.

यंदाच्या जत्रेस आम्ही गेलो तेव्हा आरती संपल्यावर तो तरुण आम्हाला कचेरीत घेऊन गेला. त्याने वही काढून पहिले पान दाखविले. तारीख, खाली त्याच्या हातची एक ओळ: पट्टा सैल झाला आहे, आणि तिच्याखाली चिटणिसांची सही. मग त्याने खणातून उदबत्तीची तीच डबी काढली. तीत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन नव्या चाव्या होत्या, आणि त्यांच्याजवळच कोपरे झिजलेली ती जुनी. जुनी कशाला ठेवलीस, असे आम्ही विचारले. तो काही बोलला नाही. डबीचे झाकण लावून त्याने ती परत खणात ठेवली.